वजीर कोणाचा भार वाहतो?

श्रोतेहो, बुद्धिबळाच्या पटावर वजीर हा सगळ्यांत जोरकस मोहरा. शब्द अरबी, ‘भार वाहणारा’ असा त्याचा मूळ अर्थ अनेक जाणकार सांगतात. मुंबईच्या ‘वझीरएक्स’ कंपनीची हकिगत ऐकताना हा अर्थ ध्यानात ठेवा.

निश्चल शेट्टी, समीर म्हात्रे आणि सिद्धार्थ मेनन यांनी ही कंपनी २०१८ साली काढली. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचा हा बाजार. त्याच एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. कंपनीनं वाट काढली. घेणाऱ्यानं पैसे थेट विकणाऱ्याच्या खात्यात भरायचे, तोवर चलन कंपनीनं सांभाळायचं. थोडक्यात, अडत्याचं काम. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँकेचं परिपत्रक रद्द केलं आणि धंदा फोफावला.

पण मालक कोण? ‘बायनान्स’ या परदेशी कंपनीनं वझीरएक्स घेतल्याचं नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झालं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तपास यंत्रणांची कारवाई झाली, तेव्हा बायनान्स म्हणाली, तो सौदा पुरा झालाच नाही!

मग १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची चोरी झाली. तिजोरीला सहा किल्ल्या होत्या. पाच कंपनीच्या, एक सुरक्षा पाहणाऱ्या दुसऱ्या कंपनीची. तरी ती उघडली. दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. पुढं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं या चोरीसाठी उत्तर कोरियाला जबाबदार धरलं.

ज्यांचं बिटकॉइन त्या तिजोरीत नव्हतंच, त्यांचेही व्यवहार थांबले. तोटा सगळ्यांत वाटण्याची योजना सिंगापूरच्या न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली. भार वाहिला तो ग्राहकांनी.

आमच्या फैजपूर-यावलकडच्या केळीवाल्याला हे नवं नाही. बाग कापली जाते, ट्रक उत्तरेकडे निघतो, हातात उरते ती चिठ्ठी. पण व्यापाऱ्याचं घर त्याला ठाऊक असतं. पैसे थकले तर तो त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. मोबाइलवर दिसणारा आकडा हीसुद्धा चिठ्ठीच आहे, श्रोतेहो. पैसे गुंतवणाऱ्या आपल्या मुलांना एवढंच विचारा, की बाबा रे, किल्ली कोणाकडे आहे, आणि उद्या तू कोणाच्या ओट्यावर जाऊन बसणार?