पाच दिवस, पाच धावा आणि एक मॅच

मागच्या एपिसोडनंतर एकानं मेसेज केला होता, "दादा, बाद फेरी म्हणजे जुगार आहे. वर्षभर चांगलं खेळायचं आणि एका मॅचमध्ये घरी जायचं, हा कुठला न्याय?" प्रश्न बरोबर आहे. आज त्याच्यावरच बोलू, आणि आपल्या नागपुरी पद्धतीनं बोलू.

आधी थोडं लांबून येतो. अमेरिकेत बेसबॉलची लीग आहे, मेजर लीग. तिथे एक टीम सीझनमध्ये १६२ मॅच खेळते. एकशे बासष्ट! एवढं सगळं झाल्यावर २०१२ ते २०२१ या काळात, २०२०चं वर्ष सोडलं तर, 'वाइल्ड कार्ड'वाल्या दोन टीमची एकच मॅच व्हायची. हरला तो घरी. २०१५ला पिट्सबर्ग पायरेट्सनं ९८ मॅच जिंकल्या आणि त्या एका रात्री शिकागो कब्जकडून ४-०नं हरले. सहा महिन्यांची मेहनत तीन तासांत साफ. पुढे २०२२पासून त्यांनी तिथे तीन मॅचची मालिका केली. म्हणजे आपल्या मित्राची तक्रार अमेरिकेतही पोचलेली दिसते.

आता घरी येऊ. डिसेंबर २०१७, ईडन गार्डन्स, रणजी सेमीफायनल, विदर्भ विरुद्ध कर्नाटक. विदर्भ रणजीत १९५७-५८पासून खेळतोय, पण तोवर एकदाही फायनल नाही. समोर कर्नाटक, आठ वेळा चॅम्पियन. मी तेव्हा बीटेकला होतो, सबमिशनची फाइल अर्धवट पडलेली, आणि फोनवर स्कोअर रिफ्रेश करून करून बॅटरीचा जीव गेलेला.

आपण पहिल्या डावात १८५वर गेलो. कर्नाटकनं ३०१ केल्या, त्यात एकट्या करुण नायरच्या १५३. ११६ची आघाडी. आता इथे रणजीचा नियम नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. बाद फेरीत मॅच अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो पुढे जातो. म्हणजे कर्नाटकला ड्रॉही चालला असता. आपल्याला नाही. आपल्याला मॅच सरळ जिंकायलाच पाहिजे होती, दुसरा रस्ताच नव्हता.

दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या. सगळ्यात जास्त ८१ गणेश सतीशच्या, आणि गंमत म्हणजे हा गडी आधी कर्नाटककडूनच खेळायचा! टार्गेट झालं १९८. एवढ्या तगड्या बॅटिंगला १९८ म्हणजे काय हो? पण चौथ्या दिवसाअखेर कर्नाटक ७ बाद १११.

शेवटची सकाळ, २१ डिसेंबर. त्यांना ८७ धावा, आपल्याला ३ विकेट. विनय कुमार आणि श्रेयस गोपाल उभे. विनय गेला, तर अभिमन्यू मिथुन आला आणि ठोकायला लागला. माझ्या बाजूचा एक जण म्हणाला, "संपलं बे, चल चहा पिऊन येऊ." मी उठलो नाही. उठलो असतो तर आजपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं. मिथुन ३३वर गेला. मग अरविंद. सगळे बाद १९२. पाच धावांनी विदर्भ! श्रेयस गोपाल दुसऱ्या टोकाला नाबाद उभाच राहिला. त्याचं काय झालं असेल, हा विचार तेव्हा आला नव्हता. आता येतो.

त्या सकाळच्या तिन्ही विकेट रजनीश गुरबाणीच्या. त्या डावात ६८ धावांत ७, मॅचमध्ये १२. आणि हा माणूस सिव्हिल इंजिनिअर! आमच्या वर्गात त्यानंतर जो तो बॅक लागलेला पोरगा म्हणायचा, "गुरबाणी बघ ना." अरे, त्यानं डिग्री घेतली होती, तू आधी एम-थ्री काढ. पुढे इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध त्यानं हॅटट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ला रणजी करंडक पहिल्यांदा विदर्भाचा झाला. फैज फजल कॅप्टन, चंद्रकांत पंडित कोच.

आता विचार करा. एखादी कड स्लिपच्या मधून चौकार गेली असती, एखादा नो-बॉल पडला असता, तर? आज विदर्भाच्या पहिल्या करंडकाची गोष्ट अशी सांगता आली नसती. एका मॅचमध्ये नशीब असतंच, मी नाकारत नाही. पण ही मॅच पाच दिवसांची होती. ११६नं मागे पडलेल्या टीमला परत यायला वेळ मिळाला, म्हणून गणेश सतीशला ८१ करता आल्या. बेसबॉलच्या एका रात्रीत तेवढी जागा नसते. माझा आक्षेप एका मॅचवर नाहीच, तिच्या लांबीवर आहे.

आणि तो पहिल्या डावाचा नियम? २०१७ला मी त्याला भरपूर शिव्या दिल्या होत्या. मग आली २०२५ची फायनल, आपल्याच जामठ्याला, केरळविरुद्ध. केरळ सेमीफायनलमध्ये गुजरातवर पहिल्या डावाच्या फक्त २ धावांच्या आघाडीवर आलेले. शेवटची विकेट तर बॉल शॉर्ट लेगच्या हेल्मेटला लागून स्लिपमध्ये गेल्यामुळे मिळाली! फायनलमध्ये आपण ३७९, केरळ ३४२. आघाडी ३७. मग आपण आरामात खेळत बसलो, ९ बाद ३७५पर्यंत. मॅच ड्रॉ, करंडक आपला. दुसऱ्या डावात १३५ कोणाच्या? करुण नायरच्या. तोच, २०१७चा १५३वाला, या वेळी विदर्भाच्या कॅपमध्ये.

त्या दिवशी नियमावर आमच्या ग्रुपमध्ये कोणीही एक शब्द बोललं नाही. मीही नाही.

केरळचं कोणी ऐकत असेल तर कमेंटमध्ये या, तुमची बाजू पुढच्या वेळी घेऊ. चला, भेटू.