खाणीतील सदोष खडकाची तजवीज

चंद्रपूर-वणीकडील उघड्या कोळसा खाणींत कोळशावरील जो खडक उपसावा लागतो, तो सगळाच भूमीच्या पुनर्भरणास योग्य असतो असे नाही. कोळशालगतच्या काळ्या शेलमध्ये पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे पितळी झाकेचे खनिज, असले, तर हवापाणी लागताच त्यापासून गंधकाम्ल निर्माण होते, ओढ्याच्या तळाशी तांबूस साका बसतो आणि वर लावलेली रोपे मुळांतूनच खुरटतात. म्हणून असा खडक उपसतानाच पारखून, दप्तरी नोंद ठेवून, खाणीत खोलवर दाबून भरावा आणि त्यावर चिकणमातीचा घट्ट थर द्यावा. पृष्ठभागावरील कसदार काळी माती मात्र आरंभीच वेगळी काढून, होईल तितक्या लवकर नव्या भूमीवर पसरावी. कारण दीर्घकाळ ढिगात पडलेल्या मातीतील उपयुक्त सूक्ष्मजीव क्षीण होत जातात.