लिफ्टचें दार आणि मालकाची जबाबदारी

अपरात्रीं स्टेशनावर उतरलेला प्रवासी लॉजमध्यें येतो, वहींत नांव लिहितो आणि किल्ली घेऊन लिफ्टकडे वळतो. ती कोणीं तपासली, केव्हां तपासली, हें तो विचारीत नाहीं. मालकानें तें पाहिलेंच असेल, असें तो गृहीत धरतो.

लिफ्टचा दोर तुटेल, ही भीति सार्वत्रिक आहे. परंतु १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत एलिशा ओटिस यानें स्वतः पाळण्यावर उभें राहून दोर तोडून दाखविला, आणि पाळणा जागच्या जागीं अडकून राहिला. आज दोरही एकाहून अधिक असतात. वेग मर्यादेबाहेर गेला, कीं पाळण्याचे चाप दोहों बाजूंच्या रुळांना घट्ट धरतात.

अधिक धोका दारांत असतो. पाळणा समोर आल्यावांचून मजल्यावरचें दार उघडूं नये, आणि दार उघडें असतां पाळणा हलूं नये, यासाठीं तेथें कुलूप व विजेचा खटका बसविलेला असतो. तो झिजला, कीं लिफ्ट वारंवार थांबते, उतारू कुरकुर करतात. मग ‘तूर्त चालूं दे’ म्हणून कोणी तरी तारेचा तुकडा जोडून खटका निकामी करतो. लिफ्ट धांवूं लागते, पण तिचा पहारा उठलेला असतो. पुढें कुलूपही सैल झालें, तर अंधुक बोळांत परका माणूस दार ओढतो आणि त्याचें पाऊल पोकळींत पडतें.

मुंबई प्रांतांत लिफ्टांचा कायदा १९३९ सालींच झाला. महाराष्ट्रानें २०१७ सालीं नवा कायदा केला. परवाना आणि सरकारी तपासणी आवश्यक खरी. पण निरीक्षक नेमल्या दिवशीं येतो, दार मात्र रोज उघडतें. म्हणून पाळणा दुसऱ्या मजल्यावर असतांना प्रत्येक दार सावधपणें ओढून पाहण्याची शिस्त मालकानें लावावी. एकही दार उघडलें, तर लिफ्ट तत्काळ बंद करावी. कारागिराच्या प्रत्येक भेटीची नोंद ठेवावी. दोरांतील तुटलेल्या तारा व पावसाळ्यांत तळखड्ड्यांत सांचणारें पाणी यांची विचारपूस करावी. पाळणा मध्येंच अडकल्यास नोकरांनीं उतारूस अर्धवट दारांतून ओढून काढूं नये. खालीं पोकळी असते. त्यास धीर देऊन जाणत्या माणसास बोलवावें.

‘लिफ्ट बंद आहे’ ही पाटी लावल्यानें चार उतारू जिना चढतांना रागावतील. पण ते सुखरूप आपापल्या खोलींत पोंचतील.