घरची शाळा आणि बक्षिसाचे पेढे



आज आपल्याशी बोलायचे आहे ते मुलांच्या शिक्षणाविषयी. पण शाळेतल्या नव्हे, घरातल्या. शिक्षकमंडळी ऐकत असतील त्यांनी रागावू नये. मी स्वतः मास्तरच आहे. गेली अठरा-वीस वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आहे. शाळेवर माझा मुळीच राग नाही. पण विज्ञान कसे शिकवावे याचा एक धडा मला मिळाला तो घरात, आणि तोही माझ्याच मुलाकडून. तो सांगण्याआधी जरा दूरदेशी जाऊन येऊ.

अमेरिकेत अशी लाखो मुले आहेत की जी शाळेत जातच नाहीत. नापास झाली म्हणून नव्हे, किंवा शाळा दूर आहे म्हणूनही नव्हे. आईबापांनी ठरवूनच त्यांना घरी शिकवायला घेतलेले असते. याला तिकडे होमस्कूलिंग म्हणतात. जॉन होल्ट नावाच्या एका शिक्षकाने १९७७ साली अशा पालकांसाठी नियतकालिक सुरू केले, आणि १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर ठरले.

अशा घरचा दिवस कसा जातो? स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला थोरला अपूर्णांक सोडवतो आहे, दुसऱ्या टोकाला मधली वाचते आहे, धाकटे आईच्या मांडीवर बसून पेन्सिल चावते आहे, आणि चुलीवरचे उतू जाऊ नये म्हणून आईचा एक डोळा तिकडे! तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय, आमच्या घरी रोज असेच असते. अगदी खरे. फरक इतकाच की तिथे तोच वर्ग, आणि आई हीच शिक्षिका.

या घरांतून लहानसहान टप्पे मोठ्या हौसेने साजरे होतात. मुलाने पहिले पुस्तक स्वतः वाचून संपवले, करा गोडधोड. वर्ष सुरू होऊन अभ्यासाचा शंभरावा दिवस आला, की मुले शंभर वाल, शंभर बटणे मोजून मांडतात आणि तो दिवस सणासारखा करतात. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन होते, त्यातलाच हा प्रकार.

आणि मग येतात विज्ञानाच्या स्पर्धा. अमेरिकेतला पहिला राष्ट्रीय विज्ञान मेळावा १९५० साली फिलाडेल्फिया शहरात भरला. पुढे तो आंतरराष्ट्रीय झाला. शाळेत जाणारी मुले तिथे येतात तशी घरी शिकणारीही येतात. त्या मेळाव्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक अशी की मुलाने तारीख घालून लिहिलेली प्रयोगाची वही जवळ ठेवायची. दुसरी अशी की परीक्षक मुलांशी बोलत असताना आईबापांना आणि शिक्षकांना तिथे थांबता येत नाही. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. माझे दुखणे तिथेच आहे.

आता अमेरिकेहून पॅरिसला येऊ. होमस्कूलिंग हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी, १९०७ च्या सुमारास, तिथे एक घरगुती शाळा चालली होती. ती चालवणाऱ्यांत होत्या मादाम मारी क्यूरी. रेडियमचा शोध लावणाऱ्या त्याच. आदल्या वर्षी, १९०६ साली, त्यांचे पती रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेले होते. पदरी दोन मुली. थोरली इरेन नऊ-दहा वर्षांची. मुलांना दिवसभर कोंदट वर्गात बसवून ठेवणे मादामना पटत नव्हते. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापक मित्रांनी मिळून ठरवले की आपली सगळी मिळून दहाएक मुले आपणच शिकवू. पेराँ रसायन शिकवणार, लांजव्हँ गणित, मादाम क्यूरी पदार्थविज्ञान. दिवसाला एखादाच तास. उरलेला वेळ खेळायला आणि हुंदडायला.

मादाम काय करत? सायकलच्या चाकातले छर्रे घेत, शाईत बुडवत आणि तिरप्या फळीवरच्या पांढऱ्या कागदावर सोडत. छर्रा घरंगळत जाई आणि त्याच्या वाटेची वाकडी रेघ कागदावर उमटे. फेकलेला दगड हवेतून कोणत्या वाटेने खाली येतो, ते मुलांना डोळ्यांनी दिसे. आपल्या गावातल्या सायकलवाल्याकडे असे छर्रे हवे तेवढे मिळतील!

एकदा त्यांनी मुलांना विचारले की भांड्यातले गरम पाणी गरमच राहावे म्हणून काय कराल? मुले हुशार. कुणी म्हणाले लोकर गुंडाळू, कुणी आणखी मोठ्या युक्त्या काढल्या. मादाम हसल्या आणि म्हणाल्या की मी तर आधी झाकण ठेवीन. आपल्या कोणत्याही आजीने हेच उत्तर दिले असते.

ही शाळा दोनेक वर्षेच टिकली. मोठमाणसांना आपापली कामे होती, मुलांना पुढे परीक्षाही द्यायच्या होत्या; ती रीतसर शाळेत गेली. इरेनला पुढे १९३५ साली पतीबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता कुणी म्हणेल, मास्तर, क्यूरीबाईंच्या घरी नोबेल पिकणारच. कबूल. घरी शिकवले म्हणजे नोबेल मिळते असे मी म्हणत नाही. मला त्या शाळेतली दुसरीच एक गोष्ट मोलाची वाटते. त्या मुलांतल्या एका मुलीने धड्यांची टिपणे आपल्या वहीत लिहून ठेवली होती. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००३ साली, ती फ्रान्समध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. काय पाहिले ते मुलीने लिहिले, म्हणून ते आज आपल्या हाती आहे.

आता घरी परत येऊ, आणि माझी फजिती सांगतो.

आमचा मुलगा सातवीत होता. शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरायचे होते. मी म्हटले, बापाचे नाव राखले पाहिजे. मी स्वतः बसलो. थर्माकोल आणला, मोटर आणली, पवनचक्की उभी केली, दिवा लागेल अशी जोडणी केली. मुलाचे काम एवढेच की, “ते पकड, हे दे.” मग काय बोलायचे तेही लिहून दिले आणि पाठ करून घेतले. बक्षीस मिळाले, दुसरे. मी खुशीत पेढे घेऊन घरी आलो. सगळ्यांनी खाल्ले, मुलाने हात लावला नाही. मी विचारले, “का रे?”

तो म्हणाला, “बाबा, बक्षीस तुम्हाला मिळालं. पेढे तुम्ही खा.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रागावून मोकळा झालो असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाचा विषय निघाला तेव्हा मी गप्प बसलो. गप्प बसणे हे मास्तराला किती जड जाते, ते मास्तरांनाच ठाऊक! उन्हाळ्याचे दिवस होते. माझी आई, म्हणजे त्याची आजी, सहज म्हणाली, “अरे, हा नवा माठ पाणी कसं गार करतो, आणि जुना मेला का करत नाही?” मुलाने ते उचलले.

त्याने पडवीत सावलीला नवा माठ, जुना माठ आणि तांब्याचा हंडा असे तिघे शेजारी मांडले. सकाळी सात वाजता तिन्हींत सारखे पाणी, दुपारी तीनला तापमापक. वहीत शाईने नोंद. वैशाखातल्या एका दुपारी हवा ३९ अंश होती. हंड्यातले पाणी ३५, जुन्या माठातले ३१ आणि नव्यातले २६. मग त्याला आपल्याच डोक्याने सुचले आणि नव्या माठाला बाहेरून त्याने प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. माठ गार करीनासा झाला! पाणी मातीतून पाझरते, त्याची वाफ होते, वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. वाफेची वाटच अडली तर गारवा कुठून येणार? जुन्या माठाची छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी बुजलेली असतात, हे आजीच्या प्रश्नाचे उत्तर. आषाढात हवाच ओलसर, तेव्हा तिन्ही भांड्यांत जेमतेम एका अंशाचा फरक राहिला.

नवव्या दिवशी मात्र गंमत झाली. नव्या माठातले पाणी जुन्यापेक्षा गरम निघाले. मी म्हटले, “हा आकडा चुकला, खोडून टाक.” माझा हात वहीकडे गेलासुद्धा. त्याने वही मागे ओढली. घरात चौकशी केली, तेव्हा कळले की आजीने दोन वाजता गच्चीवरच्या टाकीचे तापलेले पाणी त्यात ओतले होते. त्याने आकडा तसाच ठेवला आणि शेजारी लिहिले, “आजीने दुपारी पाणी भरले.”

प्रदर्शनात त्याच्या टेबलावर ना दिवा लागत होता, ना काही फिरत होते. दोन माठ, एक हंडा आणि एक वही. बरेच जण न थांबता पुढे गेले. मी दाराबाहेर उभा होतो. आत जायचे नाही असे माझे मीच ठरवले होते. एक परीक्षक बाई आल्या, वही चाळली आणि बोट ठेवून विचारले, “नवव्या दिवशी हे काय झालं?” झाले! मुलगा दहा मिनिटे बोलत होता. पाठ केलेले एक वाक्य नव्हते.

बक्षीस मिळाले नाही. परतताना वाटेत त्याने एका दुकानाशी मला थांबवले. आपल्या खाऊच्या पैशांतून चार पेढे घेतले. घरी आल्यावर पहिला आजीला दिला, कारण प्रश्न तिचा होता. दुसरा मला दिला. श्रोतेहो, इतका गोड पेढा मी अजून खाल्लेला नाही.

आता आपल्यापुरते बोलू. पोराला शाळेतून काढून घरी शिकवा असे मी कुणालाच सांगणार नाही. शाळा हवीच. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा मोठ्या कष्टाने मिळालेला आहे. पण शाळेतून आल्यावर मूल ज्या घरात वावरते, तिथे विज्ञान भरपूर पडलेले असते. विरजण हिवाळ्यात उशिरा का लागते? कडब्याची गंजी आतून गरम का होते? शेतकऱ्याला वेळ नाही हे मला ठाऊक आहे. पेरणीच्या दिवसांत कोण माठ मोजत बसणार? म्हणून एक सोपे काम सांगतो. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक रिकामा डबा अंगणात उघड्यावर ठेवा, झाडाखाली नको. रोज सकाळी ठरल्या वेळी मुलाने त्यात पट्टी उभी धरायची. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. डबा रुंद असो की अरुंद, बाजू सरळ असल्या की उत्तर तेच. एका पावसाळ्याची वही भरली, की मुलाला तुमच्या रानाचा पाऊस कळेल आणि तुम्हालाही तिचा उपयोग होईल.

शिक्षकमित्रांनो, स्पर्धा आपल्याकडेही चांगल्या आहेत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ साली सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन शोध घ्यावा ही तिची कल्पना, आणि शाळेबाहेरच्या मुलांनाही तिने दार उघडे ठेवले. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. मुलांना जरूर पाठवा. पण प्रदर्शनात परीक्षक म्हणून उभे राहाल तेव्हा दिवा लागतो का ते नंतर पाहा. आधी वही मागा आणि विचारा, “बाळ, कुठे चुकलं होतं?” ज्याने स्वतः काम केले त्याला हे सांगता येते. ज्याच्या बापाने केले तो खाली पाहतो. माझा मुलगा एकदा तसा खाली पाहत उभा राहिला होता, म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे.

आणि आईबापांनो, मुलाने विचारले आणि उत्तर ठाऊक नसले, तर “मला ठाऊक नाही, चल बघू” एवढे म्हणा. यात बापाचा मान कमी होत नाही. पहिला दात पडला, पहिल्यांदा शाळेत गेला, दहावी झाला, हे टप्पे आपण साजरे करतोच. मुलाने स्वतः काढलेला, स्वतः लिहून ठेवलेला पहिला आकडाही त्यांच्या पंगतीला बसवा. त्या दिवशी घरात थोडा शिरा झाला तरी पुष्कळ आहे.