सरांचा फोन



संयोजकांनी सांगितलं, "तू मोबाइलवाला, मोबाइलवरच बोल, पण लवकर आटप." या शाळेत मला आजवर 'गप्प बस' एवढंच सांगितलं गेलं. 'बोल' असं पहिल्यांदाच कोणी म्हणतंय, त्यामुळे थोडं धडधडतंय.

माझं दुकान बसस्थानकासमोर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. २००९मध्ये दुकानाबाहेर पाटी होती : 'येथे आयफोन अनलॉक करून मिळेल.' त्या एका ओळीवर बरेच दिवस घर चाललं.

त्याचं कारण असं. पहिला आयफोन जून २००७मध्ये अमेरिकेत विकायला आला, तो तिथल्या एटी अँड टी या एकाच कंपनीच्या सिमवर चालायचा. आपल्याकडे आयफोन अधिकृतपणे आला ऑगस्ट २००८मध्ये, आठ जीबीचा, एकतीस हजारांना. एवढे पैसे कोण घालणार? गावात आयफोन दिसायचा तो अमेरिकेतल्या मुलानं किंवा भाच्यानं वापरून पाठवलेला. त्यात इथलं सिम घातलं की फोन ढिम्म.

त्या फोनला कुलपं दोन. एक सिमचं. दुसरं असं, की कंपनीनं मंजूर केलेली अ‍ॅपच फोनमध्ये टाकता यायची. आता सिमचं कुलूप काढणारं अ‍ॅप कंपनी कशाला मंजूर करेल? म्हणून आधी दुसरं कुलूप तोडायचं. याला जेलब्रेक म्हणतात. फोनच्या सिस्टिममध्ये राहून गेलेली एखादी चूक पकडायची आणि कंपनीनं स्वतःकडे ठेवलेले अधिकार आपल्या हातात घ्यायचे. मग फोनमध्ये 'सिडिया' नावाचं दुसरंच दुकान उघडायचं आणि त्यातून सिम उघडणारं 'अल्ट्रास्नो' मिळायचं. हे सगळं शोधणारी बरीचशी मंडळी पोरसवदा. न्यू जर्सीच्या जॉर्ज हॉट्झनं ऑगस्ट २००७मध्ये पहिल्यांदा सिमचं कुलूप उघडलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. उघडलेला एक फोन देऊन त्यानं बदल्यात निस्सानची स्पोर्ट्स कार आणि तीन नवे आयफोन घेतले. मला एका फोनचे पाचशे मिळायचे. असो.

आता ज्यासाठी उभा राहिलोय ते सांगतो. आपले गणिताचे सर पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना विचारूनच सांगतोय.

२००९च्या जुलैत सर दुकानात आले. मुलानं अमेरिकेहून थ्रीजी आयफोन पाठवला होता. अर्ध्या तासात चालू करून दिला. पैसे घेतले नाहीत, उलट फुशारकीनं आणखी एक अ‍ॅप टाकून दिलं. त्या फोनच्या कॅमेऱ्यात फोटो निघायचे, व्हिडिओ निघायचा नाही. सिडियातल्या 'सायकॉर्डर'नं तो काढता यायचा. सर एकदम खूश. गणपतीत त्यांनी बाईंचा व्हिडिओ काढला. बाई अंगणात नातीला ठिपक्यांची रांगोळी शिकवताहेत, मध्येच सरांना ओरडताहेत, "ते राहू द्या, आधी दिवा लावा." त्यांनी मला दुकानात येऊन दाखवला होता.

सप्टेंबरात कंपनीचं नवीन अपडेट आलं. सरांच्या पुतण्यानं फोन कॉम्प्युटरला जोडला आणि चांगल्या हेतूनं ते घेतलं. सिमचं कुलूप परत लागलं, आणि या वेळी अल्ट्रास्नोला दाद देईना. अपडेट घ्यायचं नाही, हे मी सरांना सांगितलंच नव्हतं. तो दोष पुतण्याचा नाही.

नोव्हेंबरात त्याच हॉट्झनं नवी किल्ली काढली, 'ब्लॅकस्नो'. मी सरांना निरोप धाडला. दुकानात गर्दी होती. फोन नीट घेईना म्हणून मी तो 'रिस्टोअर'ला लावला. रिस्टोअर म्हणजे पाटी कोरी. आधी विचारायचं असतं, आत काही आहे का, उतरवून घेतलंय का. मी विचारलं नाही. फोन सुरू झाला, सिम लागलं, मी "झालं सर!" म्हणून हातात दिला. सरांनी दोन-तीनदा बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आलं रे. पण पायऱ्या खाल्ल्यास."

पुढच्या वर्षी बाई गेल्या. आपल्याला मराठी शिकवणाऱ्या बाई. आवाज असलेलं त्यांचं तेवढंच एक चित्रण होतं.

त्याच नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट कळली. ऑस्ट्रेलियात एका पोरानं सोडलेला व्हायरस जेलब्रेक केलेल्या फोनमध्ये शिरत होता. बाहेरून फोनमध्ये शिरता यावं म्हणून जे अ‍ॅप टाकत, त्याचा पासवर्ड सगळ्या फोनवर एकच असायचा : 'अल्पाइन'. तो बदलायचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या पोरानं फोनवर एका गायकाचा फोटो लावण्यावर भागवलं. मागोमाग आलेला दुसरा व्हायरस मात्र हॉलंडमधल्या बँकेच्या ग्राहकांच्या मागे लागला. ते अ‍ॅप मी माझ्या सोयीसाठी सर्रास टाकत होतो आणि पासवर्ड एकाचाही बदलला नव्हता. बिलबुक काढून बसलो आणि एकेकाला फोन लावला. दोन रविवार गेले. काही जण रागावले, काहींना मी काय म्हणतोय तेच कळेना. नंबर बदललेले तिघे मला सापडलेच नाहीत.

पुढे जुलै २०१०मध्ये अमेरिकेत स्वतःच्या फोनचं जेलब्रेक करायला कायद्यात सूट मिळाली. मित्रांनी पेढे मागितले. मी दिलेही. आपण पैसे मोजलेल्या वस्तूचं कुलूप आपल्याला उघडता यावं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पाटी मात्र मी त्याआधीच उतरवली होती. सरांचा फोन कोरा केला त्याच आठवड्यात.

सर, दुकानात तेव्हा पाच-सहा गिऱ्हाईकं उभी होती, म्हणून मी तुमची माफी मागितली नाही. नंतर दरवर्षी गुरुपौर्णिमेला घरी आलो, चहा प्यायलो, तेव्हाही जमलं नाही. आज सगळ्या वर्गासमोर मागतो.

जेवणानंतर चार वाजेपर्यंत मी सातवी 'ब'च्या व्हरांड्यात टेबल टाकून बसणार आहे. ज्यांच्या घरी जुने, बंद पडलेले फोन आहेत आणि आत फोटो अडकलेत, त्यांनी आणलेले असतील तर दाखवा. निघतील तेवढे काढून देतो. आधी वहीत लिहून घेईन की आत काय आहे आणि मी काय करणार आहे, आणि त्याखाली तुमची सही लागेल. सही झाल्याशिवाय फोनला हात लावणार नाही.