किडनीचा डॉक्टर काय करतो, आणि त्याच्याकडे कधी जावं

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या चाळीस वर्षांच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



विषय संयोजकांनीच दिला आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांनंतर सगळ्यात जास्त काय येत असेल, तर क्रिएटिनिनचे रिपोर्ट. त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

नववीत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर रंगीत खडूने घेवड्याच्या दोन बिया काढल्या आणि खाली लिहिलं, ‘वृक्क’. मागच्या बाकावर आम्ही हसलो होतो, कशाला ते आता आठवत नाही. सर, त्या आकृतीवर माझं घर चाललंय.

आधी एक घोळ मिटवतो. मुतखडा झाला, प्रोस्टेट वाढली, लघवी अडली, तर ते काम युरॉलॉजिस्टचं. ते सर्जन. मी नेफ्रॉलॉजिस्ट. नळाला गळती लागली की प्लंबर बोलावतो, तसे ते. गाळणीच बिघडली तर मी. एका किडनीत अशा सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. शिवाय बीपी सांभाळणं, रक्त तयार व्हायला निरोप देणं, हाडं नीट ठेवणं हीही कामं त्यांचीच. म्हणून किडनीचा पेशंट माझ्याकडे लघवीची तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो येतो ते दम लागतो म्हणून, हिमोग्लोबिन चढत नाही म्हणून, अन्नाची वासना उडाली म्हणून. “डॉक्टर, लघवी तर छान होते, मग किडनी कशी बिघडली?” हे वाक्य मी रोज ऐकतो. पाणी बाहेर पडत असतं, त्यातून घाण जात नसते.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे. तो समोरच बसलाय.

२०१९ च्या मेळाव्यात आपण सगळे याच आवारात होतो. जेवणानंतर आमचा हा मित्र पायरीवर बसला आणि चप्पल काढली. पट्ट्याचा वळ पावलावर खोल उमटला होता. मी पाहिला. मी म्हणालो, “लेका, वजन वाढलंय तुझं.” तो हसला, मी हसलो आणि आम्ही आईस्क्रीमच्या रांगेत गेलो. अकरा वर्षांची शुगर, बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद केलेली बीपीची गोळी, आणि गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याकडून आणलेली वेदनाशामक गोळी, रोज दोन, आठ महिने. हे सगळं मी एका प्रश्नात विचारू शकलो असतो. मेळाव्यात डॉक्टरकी करायची नाही, असा माझा नियम होता.

दीड वर्षानं तो मध्यरात्री तालुक्याच्या दवाखान्यात गेला. आडवं झालं की जीव घुसमटत होता. क्रिएटिनिन नऊच्या वर. मानेत नळी घालून तातडीचं डायलिसिस करावं लागलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास. आज रविवारी इथे येता यावं म्हणून काल त्यानं पाळी उरकून घेतली. २०१९ मध्ये आला असता तर किडनी पूर्ण बरी झाली असती, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. पण काही वर्षं नक्की मिळाली असती. आणि मानेतली नळी टळली असती, कारण हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. ती आधी करून ठेवणं हे माझंच काम.

लोकांना वाटतं की किडनीच्या डॉक्टरकडे गेलं की तो डायलिसिसला लावतो. माझा बहुतेक वेळ ते लांबवण्यात जातो. बीपी १३० च्या आसपास आणणं, लघवीतून जाणारं प्रोटीन कमी करणाऱ्या गोळ्या देणं, शुगरच्या औषधांचे डोस किडनीला झेपतील असे बदलणं. शुगरच्या नव्या गोळ्यांपैकी काही किडनी जपण्यासाठीही वापरतात. दहा वर्षांपूर्वी हे हत्यार आमच्या हातात नव्हतं.

आता रिपोर्ट वाचायला शिका. क्रिएटिनिन ‘थोडंसंच वाढलंय’ म्हणून कागद घडी करून ठेवू नका. किडनीचं काम जवळजवळ निम्मं होईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. त्याच्याखाली ईजीएफआर लिहिलेला असतो, तो बघा. आपल्या वयाच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर ईजीएफआर येतो ५९ च्या आसपास. तेच १.४ आपल्या वर्गातल्या एखादीचं असेल तर येतो ४४. म्हणजे बायकांनो, तुमचा रिपोर्ट नवऱ्याच्या रिपोर्टशी ताडून बघू नका. तीन महिन्यांच्या अंतरानं दोनदा ६० च्या खाली आला तर आजार जुना आहे असं समजतात. त्या टप्प्यावर तुमचे नेहमीचे डॉक्टर सांभाळू शकतात. ३० च्या खाली गेला की मात्र आमच्याकडे यायचंच. आकडा भरभर उतरत असेल, तीन-तीन गोळ्यांनीही बीपी उतरत नसेल, खडा नसताना लघवीत रक्त दिसत असेल किंवा घरात कुणाच्या किडनीत गाठींसारख्या पाण्याच्या पिशव्या निघाल्या असतील, तर ३० ची वाट बघू नका. आणि लघवीला फेस येऊन तो तसाच राहत असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. शुगर-बीपीवाल्यांनी ही तपासणी फेस नसतानाही वर्षातून एकदा करावी. स्वस्त आहे, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी हीच.

शाळेमागचं करमलाचं झाड आठवतं? मीठ लावून खायचो. किडनी निकामी झालेल्या माणसाला ते फळ विषासारखं बाधू शकतं. उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात. तुम्हा-आम्हाला एखादी फोड चालेल, पण ‘किडनी साफ होते’ म्हणून ग्लासभर रस पिऊ नका. तीच गोष्ट डब्यावर घटक न लिहिलेल्या चूर्णांची.

शेवटचं. मित्राच्या पत्नीनं किडनी द्यायची तयारी दाखवली, पण तिलाच शुगर निघाली. १९९४ च्या कायद्याने जवळच्या नात्यातला माणूस किडनी देऊ शकतो. तसा कुणी जुळला नाही, म्हणून तो मेंदूमृत दात्याच्या यादीत थांबलाय. जाता जाता सांगतो, माझ्या ओपीडीत देणारी बहुतेक वेळा आई असते किंवा बायको, आणि घेणारा पुरुष. उलटं फार कमी पाहिलंय. यावर घरी गेल्यावर बोला.

जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीत बीपीचं मशीन, वजनकाटा आणि लघवी तपासायच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. पट्टीत थोडं प्रोटीन सुटू शकतं, म्हणून शुगर-बीपीवाल्यांना मी लॅबची चिठ्ठी वेगळी देणार आहे. जेवणाआधी सगळ्यांनी यायचं, गुरुजनांनी पहिलं. चपला-बूट बाहेर काढून या. प्रत्येकाच्या नडगीवर मी अंगठा दाबून बघणार आहे. माझा नियम मोडलाय.