उतारवयात आपल्याच घरी, आपल्याच पायांवर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी ३४ वर्षे दवाखान्यात परिचारिका होते. कमिटीने मला वृद्धांच्या आरोग्यावर बोलायला सांगितले आहे. माझ्या आधी पुष्कळ वक्ते बोलून गेले, भोजनदानाची वेळही झाली आहे. तेव्हा व्याख्यान देत नाही, घरातलेच सांगते.

माझी आई ७४ वर्षांची असताना रात्री दोन वाजता मोरीत घसरली. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण ती पुन्हा आपल्या पायांनी नळावर गेली नाही. जी बाई आपल्या पेन्शनीतून नातवंडांना वह्या-पुस्तके घ्यायची, तिला लघवीलासुद्धा मला हाक मारावी लागे. हाडाच्या दुखण्यापेक्षा तिला तेच जास्त लागले. आणि मी कोण, तर नर्स! लोकांना शिकवीत होते, पण घरच्या मोरीत धरायला एक दांडी बसविली नव्हती.

ती का पडली ते मागाहून कळले. संडास वस्तीच्या टोकाला. रात्री जावे लागू नये म्हणून ती दुपारी चारनंतर पाणीच पीत नसे. इथे बसलेल्या किती आया-मावश्या हेच करतात? हात वर करायला सांगत नाही, मला ठाऊक आहे. अंगात पाणी कमी, त्यात ब्लडप्रेशरची गोळी. अशात माणूस झटकन उठून उभे राहिले की दाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पाणी तोडू नका. दिवसा थोडे थोडे पीत राहा, निजण्याआधी तास-दोन तास कमी करा. (हृदयाच्या किंवा किडनीच्या रोग्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच.) रात्री उठताना पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभे राहा. उशाशी बॅटरी असू द्या. संडास लांब असेल तर रात्रीपुरते भांडे खोलीतच ठेवा, त्यात लाज कसली? मुलांनो, दांडी भिंतीत पक्की बसवा. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. झिजलेली चप्पल फेका, दारातली वायर बाजूला करा. आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन "पुढच्या दिवाळीला" म्हणून ढकलू नका.

आता खाण्याचे. संयुक्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची कथा आहे. अति जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. बेताने जेवण्याचा बोध मग तो रोज जेवताना एका तरुणाकडून म्हणवून घेई, आणि हळूहळू सडसडीत झाला. आपल्याकडे उलटेच! मुलगा-सून कामावर, घरी एकटी आजी चहात बटर बुडवून खाते आणि विचारले की "जेवले" म्हणते. म्हातारपणी मांड्यांचे मांस झडते. त्याला डाळ, अंडे, दूध, मासळी लागते. दात नसतील तर वरण घट्ट करा, अंडे कुस्करून द्या. साखरेची गोळी घेऊन जेवण चुकविले तर साखर उतरून चक्कर येऊ शकते, तेही ध्यानात ठेवा. रोज खुर्ची भिंतीला टेकवून, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठा-बसा, मग दहा करा. मांड्यांत जोर असला तर संडासला कुणाची वाट पाहावी लागत नाही, इतका सरळ हिशेब आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. योजनेतले रुग्णालय मात्र आधी विचारून घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन नंबर आहे. आणि एक कटू बोलते, रागावू नका. राहती खोली मुलांच्या नावावर करायची घाई नको. केलीच तर सांभाळण्याची अट कागदात लिहून घ्या. ती अट मोडली तर २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे व्यवहार रद्द करण्यासाठी दाद मागता येते.

येत्या रविवारी वंदनेनंतर मी इथेच ब्लडप्रेशरचे मशीन घेऊन बसणार आहे. सर्वांनी आपापल्या गोळ्यांच्या पिशव्या आणाव्यात, जुन्या चिठ्ठ्यांसकट. मोरीत दांडी बसवायची असेल त्यांनी कमिटीकडे नाव द्यावे, गवंडी आपल्यातच आहेत. एवढे बोलून मी आपली रजा घेते. जय भीम!